पापुद्रा ओढायचा नसतो

१

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाईला खुर्चीत आडवं करायच्या आधी मी तीन गोष्टी तोंडपाठ म्हणायला लावते. ऊन लागू द्यायचं नाही. नख लावायचं नाही. आणि सात दिवस, आठ दिवस, लागतील तितके दिवस, पापुद्रा ओढायचा नाही. तो आपला आपण जातो. जिला एवढंही म्हणता येत नाही तिला मी उठवते आणि घरी पाठवते. मग ती गल्लीभर सांगत सुटते की त्या ओल्फाच्या जिभेला हाड नाही. नसेना का. माझ्या जिभेनं कुणाचा चेहरा उजळत नाही, हातानं उजळतो.

सव्वीस वर्षं हा धंदा करतेय. कार्ताहेनाच्या या भागात लग्नाआधी, पोरीच्या पंधराव्या वाढदिवसाआधी, नवरा पनामाहून परत यायच्या आधी बायका माझ्याच पुढच्या खोलीत येऊन बसतात. खोली म्हणजे काय, दातांच्या डॉक्टरकडून घेतलेली जुनी खुर्ची, एक टेबलफॅन, रस्त्याकडची जाळीची खिडकी. मागं न्हाणीला लागून एक अंधारी खोली आहे, पील केलेली, म्हणजे आम्लानं वरची कातडी सोललेली बाई घरी उन्हापासून वाचणार नसेल तर मी तिला तिथं ठेवून घेते. काम साधं. ॲसिटोननं चेहऱ्याचं तेल काढायचं, कापसाच्या बोळ्यानं आम्ल फिरवायचं, पंखा तोंडाशी धरायचा आणि बघत राहायचं. दोन-तीन मिनिटांत कातडीवर पांढरं फुलतं, ओल्या भिंतीला लोणा फुटतो तसं. किती फुललं ते बघून हात थांबवायचा. सगळी विद्या त्या थांबण्यात आहे. लावायला काय, कुणीही लावील.

सकाळी साडेसहाला पेत्रोना माझ्या खिडकीखालून जाते. डोक्यावर परात, परातीत पानांत गुंडाळून उकडलेले बोयो. "बोयोऽऽ! मक्याचे बोयो, कसाव्याचे बोयोऽऽ!" सबंध गल्लीत ती एका आवाजात ओरडते, माझ्या खिडकीखाली आली की दुप्पट. एकोणीस वर्षं हेच. माझ्याशी एक शब्द नाही. रस्त्यात समोर आले तर माझ्या पायांपुढं थुंकते, तेही नेम धरून. म्हातारी झाली पण नेम चुकत नाही मेलीचा.

कारण तिची पोरगी, मारेल्विस. आमच्याकडं नोव्हेंबरात प्रत्येक वस्ती आपली एक राणी उभी करते, भर दुपारी ट्रकांवरून त्यांची मिरवणूक निघते. एकोणीस वर्षांपूर्वी आमच्या वस्तीची राणी मारेल्विस होती. मिरवणुकीआधी मी तिला पील केलं. पोरीनं स्वतःच्या हातानं पापुद्रा ओढला, ओला, जिवंत, आणि कायमचा चेहरा घालवून बसली. मी काय करणार? तीन गोष्टी तिनंही म्हटल्या होत्या. हे मी पोलिसाला सांगितलं, पाद्र्याला सांगितलं, वस्तीला सांगितलं. चार वर्षं ती दार लावून बसली, आणि एका सकाळी घरात नव्हती. कुणी म्हणालं व्हेनेझुएलाला गेली, कुणी नुसतं समुद्राकडं बोट दाखवलं.

२

ऑगस्टात दिलिया आली. राणीच्या समितीची ती अध्यक्ष, अंगानं दोन जणींएवढी आणि आवाजानं तिघींएवढी.

"ओल्फा, यंदा तुझी युरानिस."

"डोंबल. ती कॉलेजात जातेय."

"कॉलेज कुठं पळून जातंय का? सगळ्यांनी एकमतानं ठरवलंय. आणि चेहरा तर घरचाच होईल. बाहेरच्या पोरींना लख्ख करतेस, घरच्या पोरीनं काय पाप केलंय?"

युरानिस माझ्या बहिणीची. बहीण तिला तीन वर्षांची माझ्या दारात सोडून चिलीला गेली. दोन वर्षं फोन आले, मग तेही बंद. पंधरा वर्षं मी तिला वाढवली. सहा वर्षांची असताना समुद्राच्या भिंतीवरून पडली, हनुवटी फुटली, चार टाके पडले. टाके घालताना डोकं मी धरलं होतं, तर कार्टीनं माझं मनगट असं चावलं की दातांची खूण अजून आहे. तिच्या हनुवटीवर तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा व्रण राहिला. तिच्याशिवाय मला या जगात कुणी नाही. हे मी तिच्यासमोर कधी बोलत नाही, डोक्यावर बसेल.

पहिलं पील छान झालं. पांढरं एकसारखं फुललं, चेहऱ्याचा तपकिरी कागद झाला आणि सातव्या दिवशी कागद गळून गेला. आठव्या दिवशी मी तिला खिडकीपाशी उजेडात बसवलं. कातडी गुळगुळीत, गुलाबी, माझी मलाच शाबासकी द्यावी अशी. डाव्या डोळ्याखाली फक्त एक काळसर ठिपका.

डाग. पीलनंतर डाग उठतात, नव्या कातडीला राग येतो आणि ती काळी पडते. हे मी शंभर बायकांना शंभर वेळा समजावलंय. मी बोट फिरवलं. डाग बोटाला लागत नाही. हा लागत होता.

"काय गं मावशी?"

"काही नाही. मलम देते, जाईल."

संध्याकाळी दिलिया बघायला आली. कॉफी पिता पिता तिनं युरानिसचं तोंड आपल्याकडं वळवलं आणि तिचा हात तसाच राहिला.

"अगं, हा तीळ..."

"डाग आहे," मी म्हणाले.

"हो. डागच असेल." तिनं छातीवर क्रूस काढला, माशी हाकलल्यासारखा, लपवून. एरवी कपाचं बूड चाटणारी बाई, अर्धी कॉफी ठेवून उठली.

मारेल्विसच्या डोळ्याखाली तीळ होता. डाव्या. मग? तीळ काय एकीच्याच बापाची इस्टेट असतो? अर्ध्या कार्ताहेनाला तीळ आहेत. मी भांडी घासली आणि लवकर झोपले.

३

दुसरं पील सप्टेंबरच्या शेवटी. आठव्या दिवशी मी तिला पुन्हा उजेडात बसवलं, हनुवटी वर केली, आणि हात तिथंच थांबला.

व्रण नव्हता.

माझा धंदा काय आहे ते मला माहीत आहे. पील वरचा थर काढतं. टाक्यांचा व्रण खाली, आत, खोल असतो. तो पीलनं जात नाही, पाच पीलनं जात नाही, जाणारच नाही. मी चष्मा पुसला. दिवा जवळ आणला. फोनमधले तिचे जुने फोटो काढले, वाढदिवसाचा, शाळेचा, पोहायला गेलो तेव्हाचा. प्रत्येकात तो दाणा होता.

"बरंच झालं की," युरानिस हसली. "फुकटात गेला. दुसरीकडं लोक ढीगभर पैसे मोजतात."

"असा जात नाही तो."

"मग तुझ्या हाताला जास्तच यश आलं. आता रडू नकोस."

"रडतंय कोण? गप बस आणि मलम लाव."

मी स्वतःला समजावलं. वाढत्या अंगाची पोर, कातडी ताणली गेली असेल. मला चाळिशी लागलीय, उजेड कमी पडत असेल. माणसाला काय हवं ते सुचतं हो, एकदा सुचवायला बसलं की.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर ती खिडकीत. आमची युरानिस आठाच्या आधी उठत नाही, भूकंप झाला तरी. ती जाळीला कपाळ टेकून उभी होती आणि खालून पेत्रोनाचं चाललं होतं, "बोयोऽऽ..."

"काय बघतेस?"

"तिचा घसा बसलाय आज."

"तुला गं काय करायचंय तिच्या घशाचं?"

"पेरूची पानं उकळून प्यायला हवीत. ती घेते नेहमी, मग दोन दिवसांत सुटतो."

"तुला कुणी सांगितलं?"

तिनं माझ्याकडं वळून बघितलं, मी कसलातरी बावळट प्रश्न विचारल्यासारखं. "सगळ्यांना माहीत असतं ते."

मला माहीत नव्हतं. एकोणीस वर्षं ती बाई माझ्या कानाखाली ओरडतेय, आणि मला माहीत नव्हतं.

४

तिसरं पील मी करणार नव्हते. स्वयंपाकघरात उभी राहून मी हे स्वच्छ सांगितलं. केळ्याचे काप तव्यात होते, तेल उडत होतं, आणि दिलिया खुर्ची अडवून बसली होती.

"नाही म्हणजे? पत्रकं छापलीत!" दिलिया म्हणाली. "मिरवणूक नऊ दिवसांवर. कपाळावर अजून डाग दिसतायत तिच्या."

"पावडर लावा."

"तुझ्या भाचीच्या तोंडाला पावडर? लोक काय म्हणतील? म्हणतील ओल्फाचा हात बिघडला. म्हणतील, त्या वेळेसारखं..."

"त्या वेळेसारखं काय?" मी उलथणं घेऊन वळले. "बोल ना. त्या वेळी पोरीनं स्वतः ओढला. तू दारात उभी होतीस, तुला माहीत नाही?"

"मी दारात होते," दिलिया म्हणाली. "आत काय झालं ते तुलाच ठाऊक."

एकोणीस वर्षांत हे ती पहिल्यांदा बोलली. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला खवखवलं, ते तिला दिसलं, आणि ते तिला दिसलं म्हणून मला तिचा गळा दाबावासा वाटला.

"मावशी," युरानिस मधेच म्हणाली. ती शांत होती. तिला राग आला की ती दारं आपटते, ताटं सरकवते. त्या दिवशी शांत होती. "अर्धवट सोडलेला चेहरा घेऊन मी ट्रकवर चढणार नाही. तू सुरू केलंस ना? आता पुरं कर."

मी पुरं करायला बसले. भीती वाटत होती, हे कबूल करते. पण भीतीपेक्षा चीड मोठी होती. माझ्याच घरात मला माझं काम शिकवतात.

तेल काढलं. आम्ल वाटीत ओतलं, तो नाकात चढणारा वास आला. कपाळापासून सुरुवात केली, मग उजवा गाल, मग नाक. पंखा फिरत होता. कपाळ अजून फुललं नव्हतं, म्हणून मी थांबले, बोळा वाटीत ठेवला.

डावा गाल पांढरा व्हायला लागला.

मी त्याला हात लावला नव्हता. डोळ्याखालपासून सुरू झालं आणि खाली जबड्यापर्यंत एक पट्टा पांढरा झाला, दोन बोटं रुंद, कडा सरळ. मी बोळा उचलून बघितला. वाटी बघितली. आपण लावलं असेल, विसरलो असू, असं म्हणत मी आपलेच हात बघत बसले. पट्ट्याचा आकार मला ओळखीचा होता. तो मी आधी एकदा चिमट्याला लोंबकळताना बघितला होता.

"आग होतेय का?" मी विचारलं.

"नाही," ती डोळे मिटून म्हणाली. "तिथली कधीच गेली."

५

आता खरं सांगते. इथं मला कोण अडवणार आहे?

त्या दिवशी, एकोणीस वर्षांपूर्वी, सातवी सकाळ होती आणि मारेल्विसच्या डाव्या गालाचा पापुद्रा सुटत नव्हता. बाकी सगळा गेला होता. तेवढाच एक तुकडा चिकटून होता, वरचं टोक उचललेलं. बाहेर ट्रक येऊन उभा, बँड वाजतोय, दिलिया दारात किंचाळतेय की आटपा, आटपा. पोरगी म्हणाली, "राहू दे ना बाई, तुम्हीच सांगितलं होतं." मी म्हटलं, "गप." चिमटा घेतला आणि ओढला. सुटत नव्हता म्हणून जोरात ओढला. तीळ त्याच्याबरोबर गेला. ती ओरडली नाही, फक्त दातांतून श्वास आत ओढला. मी त्यावर पावडर थापली आणि तिला भर उन्हात चार तास ट्रकवर उभी केली. संध्याकाळपर्यंत गाल काळा पडला होता. मग फुगला. मग पिकला. आणि तिची आई माझ्या दारात आली तेव्हा माझ्या तोंडून जे पहिलं निघालं तेच मी आजवर सांगत आले.

म्हणून युरानिसला अंधाऱ्या खोलीत ठेवताना मी चिमटा, कात्री, नेलकटर, सगळं घरातून उचलून शेजारणीच्या कपाटात ठेवून आले.

सात दिवस झाले, पापुद्रा गेला नाही. आठ झाले. चेहऱ्यावर तो तपकिरी कागद तसाच, कपाळापासून हनुवटीपर्यंत अखंड. एरवी तो तुकड्या-तुकड्यानं जातो, उशीवर पडतो, ताटात पडतो. हिचा एक कणही पडला नाही. मी व्हॅसलीन लावायला जायचे तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून म्हणायची, "ठेव तिथं. मी लावते." दाराला कान लावला की आत ती बोलत नसायची, गुणगुणत नसायची. पहाटे मात्र मका दळल्यासारखा आवाज यायचा, घर्र, घर्र, दगडावर दगड. खोलीत दगड नव्हता. मी दार उघडलं की ती पाठ करून बसलेली, हात मांडीवर.

नवव्या दिवशी सकाळी, मिरवणुकीच्या सकाळी, तिनं विचारलं, "मावशी, चिमटा आहे का घरात?"

"नाही."

"तेव्हा होता."

मी ताट तिथंच ठेवलं आणि बाहेर येऊन खुर्चीला धरून उभी राहिले. आणखी एक गोष्ट माझ्या तेव्हाच लक्षात आली. साडेसात वाजले होते आणि पेत्रोना खिडकीखालून गेली नव्हती.

६

नऊ वाजता दार वाजलं. मी दार उघडलं. पेत्रोना.

डोक्यावर रिकामी परात, अंगात चर्चला जायचा झगा. ती थुंकली नाही. माझ्या बाजूनं आत आली, परात जमिनीवर ठेवली आणि माझ्या खुर्चीत, त्याच खुर्चीत, बसली.

"ओल्फा," ती म्हणाली. एकोणीस वर्षांत पहिला शब्द. "मी भांडायला नाही आले. एकच विचारायचंय. इथं पोलीस नाही, पाद्री नाही. मी आता कुणाला सांगायला जाणार नाही, माझं वय झालं. पापुद्रा कुणी ओढला?"

पंखा बंद होता. मागच्या खोलीत अगदी काही हललं नाही. कुणीतरी श्वास धरून ऐकत असावं तसं.

मला माहीत होतं. कसं ते विचारू नका. मी "मी ओढला" म्हणाले असते तर ते मागचं दार उघडून माझी युरानिस आली असती, हनुवटीवर दाणा घेऊन, जांभई देत, भूक लागली म्हणत. हे मला लख्ख कळलं. शब्द जिभेवर आलाही होता, खरंच आला होता.

पण ती माझ्या खुर्चीत बसली होती. माझ्या घरात, पाय पसरून, न्यायाधीश असल्यासारखी. जाळीला दोन शेजारणी नाकं लावून उभ्या. एकोणीस वर्षं माझ्या पायांपुढं थुंकलेली बाई मला विचारतेय आणि मी हिच्यापुढं मान खाली घालायची? या गल्लीत मी उद्या कुठल्या तोंडानं उभी राहू? माझ्या अंगाची आग झाली.

"किती वेळा सांगायचं?" मी म्हणाले. "तिनंच ओढला. स्वतःच्या हातानं."

पेत्रोनानं मान हलवली, मी मिठाचा भाव सांगितल्यासारखी.

"बरं," ती म्हणाली.

आणि मागच्या खोलीतून आवाज आला. चिकटपट्टी सावकाश काढतात तसा. एका टोकापासून सुरू झाला आणि थांबला नाही. मी धावले, पण कडी आतून लावलेली होती. मी दारावर मुठी आपटल्या, ओरडले, "युरानिस, नको! मी ओढला होता! मी!" आतला आवाज आपला चालूच राहिला, न घाबरता, न थांबता, शेवटच्या टोकापर्यंत.

मग कडी निघाली.

न्हाणीच्या झरोक्यातला उजेड तिच्या मागून येत होता, म्हणून मला पूर्ण चेहरा दिसला नाही. डावी बाजू दिसली. गाल स्वच्छ, कोवळा, कुठं ओरखडा नाही. डोळ्याखाली तीळ. ती माझ्या बाजूनं गेली, खुर्चीच्या बाजूनं वाट काढावी तशी.

"उशीर झाला, आई," ती म्हणाली.

"झाला खरा," पेत्रोना म्हणाली. "चल. पीठ तसंच पडलंय." पोरीनं वाकून परात उचलली, खांद्यावरच्या टॉवेलाची चुंबळ केली आणि एका हातानं परात डोक्यावर ठेवली. आमच्या युरानिसला पाण्याची बादली दारापर्यंत नेता येत नाही.

मी तिचं मनगट पकडलं. "युरानिस! हे बघ." मी माझा हात तिच्या डोळ्यांपुढं धरला. "हे कुणाचे दात? सांग ना. तुला टाके घालत होते, तू चावलीस. तुझे दात आहेत हे."

तिनं बघितलं. अगदी अदबीनं बघितलं.

"कुत्रं चावलं का, बाई?"

दोघी रस्त्यावर उतरल्या. दारात ट्रक येऊन लागला होता, वर कागदी फुलांची खुर्ची, बँडवाले घाम पुसत होते. दिलिया तोंड उघडून त्यांच्याकडं बघत होती, आणि बघता बघता मागं सरकली, वाट दिली. वस्तीतली म्हातारी माणसं टोप्या काढून उभी राहिली. कुणी नाव घेतलं नाही. ऊन कडक होतं. मला काही सुचलं नाही, आयुष्यभर जे बोलले तेच तोंडातून निघालं.

"ऊन लागू देऊ नकोस!" मी ओरडले. "नवी कातडी आहे, अगं, सावलीतून जा!"

मागं वळून कुणी बघितलं नाही.

७

खोलीत टॉवेलावर तो पापुद्रा पडलेला होता. कपाळापासून हनुवटीपर्यंत अखंड, कुठं फाटलेला नाही, भुवयांची लव सुद्धा जागच्या जागी. हनुवटीशी, अगदी कडेला, तांदळाचा दाणा. मी तो उचलून ओल्या फडक्यात गुंडाळला. सकाळ-संध्याकाळ फडकं बदलते. सुकू देत नाही. सुकलं की चुरा होतो, हे मला माहीत आहे.

वस्तीत आता सांगतात की ओल्फाची भाची चिलीला आईकडं गेली. मी भांडत नाही. गिऱ्हाइकं येतात, मी तीन गोष्टी म्हणायला लावते, हात थांबवायचा तिथं थांबवते. हात अजून चांगला आहे.

साडेसहाला मी खिडकीत असते. गल्लीच्या टोकाकडून दोन आवाज येतात, एक घोगरा, एक कोवळा. "बोयोऽऽ! मक्याचे बोयो, कसाव्याचे बोयोऽऽ!" पेत्रोना आता माझ्या खिडकीखाली आवाज चढवत नाही. थुंकत नाही. बाकीच्या घरांसारखंच माझं घर.

रोज त्या जाळीखाली आल्या की मी सांगते. आधी पुटपुटत असे, आता मोठ्यानं सांगते, शेजारणींना ऐकू जाईल असं. "मी ओढला. पेत्रोना, मीच ओढला. पोरीनं नव्हता ओढला."

म्हातारी पुढं चालत राहते. पोरगी मात्र थांबते, परात सावरते आणि वर बघते. ऊन तिच्या गालावर पडतं आणि काही होत नाही.

"मक्याचे देऊ की कसाव्याचे, बाई?" ती विचारते.